सिलिकॉन ऑइल की इमल्शन? आधी ते शेवटी कुठे जाऊन बसणार ते बघा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. गॅस्केट, ग्रोमेट आणि थोडे मेटल-बाँडेड बुश निघतात. रबर साच्याला चिकटू नये म्हणून आजवर 350 चं सिलिकॉन ऑइल कापडाने पुसत आलेत. आता विक्रेता 35 टक्क्यांचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं तेच तेल, घ्या म्हणतोय, पण पाणी किती घालायचं हे त्यालाही धड सांगता येत नाही. त्यातच एका ग्राहकाने पेंटला खड्डे पडतात म्हणून लॉट परत पाठवला. आणि शेवटी एक घरगुती शेपूट: उरलेलं ऑइल ट्रेडमिलला, गाडीच्या डॅशबोर्डला आणि "सीरममध्ये तेच असतं म्हणे" म्हणून केसांना चालेल का?

सिलिकॉन विकणं आणि विकल्यावर ग्राहकाच्या शॉपफ्लोअरवर उभं राहून ते चालवून दाखवणं, हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा. त्या अनुभवावरून सांगतो, या चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे. दुकानात आपण "कितीचं देऊ?" या प्रश्नाचं उत्तर देतो, 350 की 1000. खरं विचारायला हवं ते वेगळंच: हे तेल काम झाल्यावर कुठे जाऊन बसणार आहे? कारण ते बसतंच. उडून जात नाही, पाण्याने जात नाही, कुजत नाही.

आधी वस्तू काय ते बघू. नावात ऑइल असलं तरी खनिज तेलाशी किंवा गोडेतेलाशी याचं नातं नाही. सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन एकाआड एक अशी साखळी आणि प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथाइल गट चिकटलेले. मूळ कच्चा माल क्वार्ट्झ. 1940 च्या मे महिन्यात जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोचो यांनी सिलिकॉन धातूच्या भुकटीवरून मिथाइल क्लोराइड नेऊन, तांब्याच्या साहाय्याने, त्यातला मुख्य मधला पदार्थ सरळ एका टप्प्यात बनवला. त्याच सुमारास जर्मनीत म्यूलर यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. तोवर प्रयोगशाळेत राहिलेली ही वस्तू त्यानंतर ड्रममध्ये आली.

हे तेल अतिशय पसरतं. पाण्याचं पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, खनिज तेलाचं 30 च्या आसपास आणि याचं 20-21. म्हणजे कुठल्याही पृष्ठभागावर ते आपणहून चढतं आणि एकदा चढलं की त्यावर दुसरं काही चिकटू देत नाही. साचा सुटतो तो या गुणामुळे आणि पेंटला खड्डे पडतात तेही याच गुणामुळे. तुमचा विक्रेता ज्या गोष्टीचं कौतुक करतोय, तिचीच तुमचा ग्राहक तक्रार करतोय.

350 हा आकडा व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे दाटपणाचा, सेंटिस्टोकमध्ये, 25 अंशाला. साखळी जितकी लांब तितकं तेल जाड, रसायन तेच. 0.65 चं तेल स्पिरिटसारखं उडून जातं, 12,500 चं मधासारखं ओघळतं आणि लाखांतले ग्रेड तर डबा उलटा केला तरी विचार करून खाली येतात. तापमान वाढलं तरी हे फारसं पातळ होत नाही, म्हणून फॅन क्लच आणि डॅम्पर यांत ते वापरतात. साच्यासाठी 350 आणि 1000 यात रिलीज (साच्यातून माल सोडवणारा लेप) म्हणून मोठा फरक तुम्हाला जाणवणार नाही. 1000 जरा जास्त फेऱ्या टिकतं, 350 सहज पसरतं. त्यावर डोकं घालवू नका.

डोकं घालवायचं ते माल खरा आहे का यावर. सुट्या कॅनमध्ये येणाऱ्या "सिलिकॉन ऑइल"मध्ये लिक्विड पॅराफिन मिसळलेलं बाजारात सर्रास मिळतं. त्यासाठी लॅब लागत नाही. 350 च्या शुद्ध तेलाची घनता 0.97 असते, म्हणजे मापून घेतलेल्या एका लिटरचं वजन साधारण 970 ग्रॅम भरलं पाहिजे. पॅराफिन 0.83 ते 0.88 मध्ये असतं, त्यामुळे वजन 930-940 वर आलं की समजायचं भेसळ आहे. दुसरी परीक्षा जाळून बघायची. उघड्यावर, स्टीलच्या जुन्या चमच्यात चार थेंब घेऊन ब्लो-लॅम्पने पेटवा आणि धूर तोंडावर घेऊ नका. सिलिकॉन सहज पेटत नाही, पेटलं की पांढरा धूर आणि चमच्यात पांढरी भुरभुरीत राख राहते. ती सिलिका. पॅराफिन जळून जातं, फार तर काजळी सोडतं. ज्यांच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाचा अपवर्तनांक मोजणारं यंत्र) आहे त्यांनी 1.403 बघावं, पॅराफिन 1.47 च्या आसपास दाखवतं, इतका फरक लपत नाही.

आता इमल्शन. तेलाचे सूक्ष्म थेंब इमल्सिफायरच्या मदतीने पाण्यात तरंगत ठेवलेले, दुधासारखं दिसणारं द्रव. बाजारात मुख्यतः 35 आणि 60 टक्के सक्रिय सिलिकॉनचं मिळतं. दर बघताना किलोचा दर बघू नका. 35 टक्केवाल्याचा दर 0.35 ने आणि 60 वाल्याचा 0.60 ने भागा, मग तुलना करा. बऱ्याचदा "स्वस्त" इमल्शन हे महाग पाणी निघतं.

रबरच्या प्रेसला साच्यावर 1 टक्क्याच्या आसपास सिलिकॉन पुरतं. हिशेब सोपा आहे: 35 टक्क्यांचं 1 लिटर अधिक 34 लिटर पाणी म्हणजे 1 टक्का. एकास वीस केलं तर दीड टक्क्याच्या वर जातं, एकास पन्नास केलं तर पाऊण टक्क्याच्या खाली. नवीन साचा असेल तर पहिल्या काही शॉटना दोन टक्क्यांपर्यंत जा, साचा "बसला" की उतरत या. सुटतोय तोवर पातळ करत राहायचं आणि चिकटायला लागला की एक पायरी मागे यायचं. ऑपरेटर मात्र नेमकं उलट करतात. एक पीस अडकला की चार वेळा फवारा मारतात.

जास्त मारल्याचं नुकसान तुम्हाला रिजेक्शनच्या पेटीत दिसेल. दोन बाजूंनी येणारं रबर जिथे मिळतं तिथे जोड नीट होत नाही, कारण मध्ये सिलिकॉनची फिल्म अडकते. गॅस्केट हातात घेऊन त्या रेषेवर वाकवा; केसाएवढी चीर उघडली तर कंपाउंडला किंवा क्युअरिंगला दोष देण्याआधी फवारणीची बाटली बघा. शुद्ध तेल कापडाने पुसण्यात हीच अडचण मोठी होती. 150-180 अंशाच्या साच्यावर जाड थर हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होतो, जेल बनतो आणि कोपऱ्यांत तपकिरी-पांढरा थर साचतो. मग पॉलिश जाते, साचा उतरवून साफ करावा लागतो. त्यामुळे इमल्शनकडे जायचा सल्ला योग्यच आहे, फक्त पातळ आणि बारीक फवाऱ्याने. पाणी उडताना साचा थोडा थंड करतं, हे सायकल टाइम ठरवताना लक्षात असू द्या.

मिसळताना काही गोष्टी पाळा. पाणी थंड घ्या, गरम नको. नॉन-आयोनिक इमल्सिफायर गरम पाण्यात साथ सोडतो. बोअरचं कडक पाणी टाळा, आरओचं किंवा नळाचं मऊ पाणी घ्या. आधी इमल्शन, मग ढवळत थोडं थोडं पाणी. ड्रिलला पाती लावून घुसळू नका, जोरात कातरलं की थेंब एकत्र येतात. पातळ केलेलं दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच बनवा, कारण पाणी घातल्यावर प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं आणि मग त्याला वास सुटतो. ड्रमवर वर साय आल्यासारखं दिसलं तर हलकं ढवळून ते परत मिसळतं, काळजी नको. पण वर तेलाचे डोळे तरंगताना दिसले तर ते इमल्शन फुटलंय आणि ढवळून जुळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेचं ऊन खाल्लेले ड्रम असेच फुटतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या ग्राहकांना मी हिवाळ्यातच साठा करून सावलीत ठेवा असं सांगतो.

तुमच्या बाँडेड बुशसाठी मात्र वेगळा नियम. बाँडिंग एजंट (रबर धातूला चिकटवणारा लेप) लावलेला मेटल इन्सर्ट साच्यात असताना फवारा मारायचा नाही. आधी साच्याला मारा, पाणी उडू द्या, मग इन्सर्ट ठेवा. ज्या टेबलावर बाँडिंग एजंट लावता त्या खोलीत सिलिकॉनची बाटली, कापड, ग्लोव्हज काहीही नको. बुश सुटला आणि धातू स्वच्छ, चकचकीत निघाला तर संशयाचा पहिला धनी हाच. आणि उद्या सिलिकॉन रबरचे पार्ट घेतलेत तर हे तेल त्याला चालणार नाही. सजातीय आहे, आत शिरतं आणि रबर फुगतं. तिथे साबणाचं किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) रिलीज वापरतात.

आता परत आलेला लॉट. पेंटचं पृष्ठताण सिलिकॉनपेक्षा जास्त असतं. पृष्ठभागावर सिलिकॉनचा ठिपका असला की ओला पेंट त्याच्यापासून मागे सरकतो आणि गोल खड्डा पडतो, मध्ये प्रायमर किंवा पत्रा दिसतो. पेंटवाले त्याला फिश आय किंवा क्रेटर म्हणतात. त्यासाठी तेल डोळ्यांना दिसायचीही गरज नाही.

तुमचा गॅस्केट पेंट होत नसेल, पण तो ज्या हाउसिंगमध्ये बसतो ते पेंट होत असेल. किंवा तुमचे क्रेट पेंट शॉपजवळून जात असतील. किंवा असेंब्लीतल्या माणसाने तुमचा गॅस्केट दाबला आणि त्याच ग्लोव्हजने दरवाजाचं पॅनेल उचललं. चाकणला जर्मन गाड्यांसाठी पार्ट देणाऱ्यांना "लॅब्स-फ्री" हा शब्द नवीन नाही. पेंटला अडवणारे पदार्थ नसलेला, असा त्याचा अर्थ, आणि त्यासाठी व्हीडीएमए 24364 नावाची चाचणीच आहे. घरच्या घरी तिचं साधं रूप करता येतं: गॅस्केट झायलीनने खंगाळा, ते झायलीन स्वच्छ पत्र्यावर सुकू द्या, शेजारी कोऱ्या झायलीनचा पत्रा ठेवा आणि दोन्हींवर ग्राहकाचाच पेंट मारा. एकावर खड्डे आणि दुसऱ्यावर नाहीत तर वाद संपला.

धुवून सुटेल का, असं तुम्ही विचाराल. पूर्ण नाही. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि स्पिरिटमध्ये हे तेल विरघळत नाही, फक्त इकडून तिकडे पसरतं, आणि पुसणाऱ्याला वाटतं स्वच्छ झालं. झायलीन किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळतं, पण त्यात रबर फुगतं. गरम डिटर्जंटच्या दोन धुलाया आणि भरपूर पाणी यांनी बरंच कमी होतं, आणि काही ग्राहकांना तेवढं पुरतं. पण त्या एका ग्राहकाच्या पार्टसाठी माझं मत स्पष्ट आहे: सिलिकॉनचा फवारा बंद करा. साच्यावर भाजून बसवायचं सेमी-परमनंट कोटिंग घ्या आणि पुरवठादाराकडून ते पार्टवर किती उतरतं याची चाचणी मागा. किंवा फॅटी ॲसिडच्या साबणाचं पाण्यातलं रिलीज घ्या, जरा जास्त वेळा मारावं लागेल. ती प्रेस शक्य असेल तर वेगळ्या कोपऱ्यात न्या. शेजारच्या प्रेसवरचा फवारा हवेतून येतो. ॲल्युमिनियम डायकास्टिंगवाल्यांनी हाच पेच आधीच सोडवलाय. ते लांब अल्किल साखळ्या जोडलेलं सिलिकॉन वापरतात, कारण त्यावर पेंट बऱ्यापैकी बसतो. "पेंटेबल" असं लेबल असलेलं रिलीज बहुतेक त्याच घराण्यातलं असतं.

जाता जाता, तुमचा कुठला पार्ट रिले किंवा स्विचच्या डबीत बसत असेल तर आत्ताच ग्राहकाला विचारून घ्या. सिलिकॉनची हलकी वाफ काँटॅक्टवर बसते, ठिणगीने तिची सिलिका होते, आणि सिलिका वीज वाहत नाही.

"कुठे जाऊन बसणार" हा प्रश्न फक्त रबरवाल्यांचा नाही. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना विचारा. अमिनो सिलिकॉनचं सॉफ्टनर दिलं की टॉवेल हाताला असा लोण्यासारखा लागतो की गिऱ्हाईक खूश, आणि अंघोळीनंतर अंग पुसलं की पाणी अंगावरच राहतं. तंतूवर पाणी नाकारणारी फिल्म बसली ना! म्हणून टॉवेलला हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरणारं, सिलिकॉनच हवं, आणि पांढऱ्या मालाला अमिनो कमी असलेलं, नाहीतर ड्रायरमधून पिवळट निघतो. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये कापडावर येणारे तेलकट ठिपकेही बहुतेक वेळा फुटलेल्या इमल्शनचे असतात: आधीच्या धुलाईतला अल्कली पुरता निघालेला नसतो, पॅडरच्या (कापड रसायनात बुडवून पिळणाऱ्या यंत्राच्या) टाकीत पीएच चढतो आणि सिलिकॉन रोलरवर जमा होऊन कापडावर छापलं जातं. ॲसेटिक ॲसिडने पीएच 5 ते 5.5 वर ठेवला की निम्म्या तक्रारी थांबतात.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आणि ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात) फेस मारायला सिलिकॉन अँटीफोम टाकतात. तिथे तुमचं कोरं 350 टाकून उपयोग नाही. पाण्यावरचा फेस फोडायला तेलाबरोबर पाणी नाकारणारी बारीक सिलिका लागते. तेल बुडबुड्याच्या पडद्यावर पसरतं, सिलिकाचा कण तो पडदा भोसकतो. काही मोजके पीपीएम पुरतात. पण पुढे आरओ असेल तर हे तेल मेम्ब्रेनवर जाऊन बसतं आणि मग वाचवलेल्या अँटीफोमच्या कितीतरी पट खर्च मेम्ब्रेनवर होतो. अशा ठिकाणी मी स्वतः पॉलिग्लायकॉलवालं घ्या म्हणतो, माझी विक्री बुडाली तरी. हीच तेल-सिलिकाची जोडी औषधाच्या दुकानातही आहे: जेल्युसिल एमपीएसमधलं एमपीएस म्हणजे मिथाइल पॉलिसिलोक्सेन, पोटातल्या वायूचे बुडबुडे फोडायला. तळणाच्या तेलातही फूड ग्रेडचं सिलिकॉन फेस येऊ नये म्हणून घालायला परवानगी आहे, किलोला 10 मिलिग्रॅमपर्यंत. पाकिटावर 900ए किंवा ई 900 दिसलं तर ते हेच.

यावरून केसांचा प्रश्न. आकडा तोच असला तरी वस्तू तीच नसते. रेटिना सुटलेल्या डोळ्यात शस्त्रक्रियेच्या वेळी 1000 किंवा 5000 चं सिलिकॉन ऑइल भरतात आणि बहुधा काही महिन्यांनी काढून घेतात. तेही साच्याच्या तेलाच्याच घराण्यातलं, पण त्यातल्या लहान साखळ्या आणि वलयं (टोकं जुळून गोल झालेल्या साखळ्या) काढून टाकलेली असतात आणि ते निर्जंतुक असतं. तुमच्या कॅनमधल्या तेलात काय उरलंय हे कुणी तपासलेलं नाही, ड्रममध्ये आधी काय होतं हेही नाही. शिवाय सीरममध्ये मुख्यतः उडून जाणारं डी5 नावाचं वलय असतं आणि त्यात थोडं जाड सिलिकॉन विरघळवलेलं. डी5 उडालं की पातळ फिल्म राहते. तुम्ही 350 चोळलंत तर काहीच उडणार नाही, केस तेलकट चिकट होतील आणि दोन शॅम्पूंनी निघणार नाही. त्यामुळे नको. सौंदर्यप्रसाधनांचा धंदा करणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर: युरोपने धुवून जाणाऱ्या प्रसाधनांत डी5 आणि त्याचं लहान भावंड डी4 यांना 31 जानेवारी 2020 पासून 0.1 टक्क्याची मर्यादा घातली आहे, आणि लावून ठेवायच्या प्रसाधनांना ती 2027 च्या जूनपासून लागू होते. कारण पुन्हा तेच, ते निसर्गात जाऊन बसतं.

ट्रेडमिलला मात्र तुमचं 350 बिनधास्त चालेल, शुद्ध असेल तर. भेसळीतलं पॅराफिन पट्ट्याच्या रबरला फुगवतं. पट्टा उचलून खालच्या फळीवर मध्यभागी थोडंसं, मग हळू वेगाने काही मिनिटं फिरवा. कडेला लावू नका, पट्टा सरकायला लागतो. डॅशबोर्डला शुद्ध तेल नको, धूळ धरतं आणि काचेवर ऊन चमकतं. तिथे तुमचं इमल्शनच 3-4 टक्क्यांवर आणून कापडावर घ्या आणि पुसा. स्टिअरिंग, पेडल, दुचाकीची सीट आणि टायरचा रस्त्याला लागणारा भाग यांना चुकूनही नाही. ब्रेक डिस्कजवळ तर फवाराच नको. आणि ही कामं पेंट शॉपपासून लांब, घरी करा. कारखान्यात मालकाची गाडी चमकवणाऱ्या पोऱ्याच्या कापडावरून क्रेटर आलेले मी पाहिलेत.

शेवटचं, प्रेसजवळच्या फरशीबद्दल. सांडलेल्या सिलिकॉनवर ओला मॉप मारू नका, दहा पावलांपर्यंत पसरतं आणि दिसत नाही. आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून पूर्ण शोषू द्या, गोळा करून वेगळ्या पिशवीत भरा, मग मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर डिटर्जंट. तो फडका परत वापरात येऊ देऊ नका. आणि त्या जागेवर आठवडाभर तरी वर्तमानपत्र न टाकता जुना खरखरीत गोणपाट अंथरा.